औषधाच्या तळ्यावर पहारा कोणाचा?

रुग्णाच्या थुंकीत नाना जंतू असतात. त्यांतून क्षयाचा जंतू तेवढा वाढावा म्हणून प्रयोगशाळेत कल्चरच्या द्रवात पाच जुन्या औषधांचे मिश्रण घालतात. ती बाकीच्या जंतूंना रोखतात. उद्या असे जुने मिश्रण आपल्याच मालकीचे आहे, असे कोणी म्हणाले तर? आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३ आड येते. नुसते मिश्रण म्हणजे शोध नव्हे. माहीत असलेल्या औषधाचे नवे रूपही, गुण वाढल्याचे सिद्ध झाल्याशिवाय, शोध नव्हे.

याच कायद्याच्या आधारे बेडाक्विलीनची लढाई झाली. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावरचे हे औषध. जॉन्सन अँड जॉन्सनचे मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. कंपनीने त्याच औषधाच्या क्षारावर पेटंट मागितले. ते मिळते तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी २०१९ मध्ये हरकत घेतली. दोघी क्षयातून वाचल्या, पण जुन्या विषारी औषधांनी त्यांचे कान नेले. २३ मार्च २०२३ रोजी पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जागतिक खरेदीत सहा महिन्यांच्या औषधाचा भाव २८९ वरून १३० डॉलरवर आला.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबादेत) चिकलठाण्याच्या कारखान्यात क्षयाच्या गोळ्या बनतात, आणि घाटीच्या रांगेत वीटभट्टीवरचा, ऊसतोडीवरून परतलेला आपला माणूस उभा असतो. सरकार औषध मोफत देते हे खरे. पण भाव चढला की खरेदी आटते आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाचा नंबर लागत नाही. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे संविधानाचे कलम ४७ सांगते.

पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही हरकत घेऊ शकतो, हा या कायद्याचा गाभा. पण मार्च २०२४ च्या नियमांनी त्यावर शुल्क बसवले आणि हरकत ऐकायची की नाही, हे आधी ठरवण्याचा अधिकार अधिकाऱ्याला दिला. वाट अरुंद होते आहे आणि आपण गप्प आहोत!

महाडला १९२७ साली पाण्यावरचा पहारा मोडला. आज पहारा कागदावर आहे. बाबासाहेबांनी नागसेनवनात ज्ञानाची दारे उघडली, ती नुसत्या नोकरीसाठी नव्हे. फार्मसी, सूक्ष्मजीवशास्त्र, कायदा शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींनी पेटंटचे अर्ज वाचावेत, हरकती घ्याव्यात. आजारातून वाचलेल्या दोन तरुणी हे करू शकल्या. आपण का नाही?