डिस्क घेण्याआधी डेटा मोजा

जयपूरच्या सीकर रोडवरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातला कारखाना असो की आपल्या भोसरीतलं वर्कशॉप, हिशेब, ड्रॉइंग, बिलं सगळं आता संगणकातच असतं. बॅकअपची डिस्क मात्र अंदाजाने घेतली जाते. ती भरली की बॅकअप थांबतो, आणि ते कळतं संगणक बिघडल्यावर. म्हणून मालकांना आणि हिशेब सांभाळणाऱ्यांना कळकळीची विनंती: आधी मोजा.

पहिला आकडा सोपा आहे. डिस्क केवढी आहे ते सोडा, तिच्यावर भरलेलं किती आहे ते पाहा. विंडोजमध्ये फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ते दिसतं, लिनक्सवर ‘डीयू’ ही आज्ञा सांगते. सीसीटीव्हीचं चित्रण यातून वेगळं काढा.

खरी चूक होते ती रोजच्या बदलात. नवीन फाइली थोड्याच असतात, पण आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइल घ्या. ती 20 जीबीची असेल आणि दिवसात एकच मेल आली, तरी फाइल बदलली म्हणून साधं बॅकअप सॉफ्टवेअर ती पूर्ण पुन्हा उचलतं. तीस दिवसांच्या प्रती ठेवल्या की त्या एका फाइलीलाच 600 जीबी लागले! त्यामुळे आठवडाभर रोजचा बॅकअप किती जीबीचा झाला ते वहीत लिहा. याला दुसरा उपाय नाही.

समजा डेटा 300 जीबी आणि रोजचा बदल 2 जीबी आहे. महिन्याचे झाले 60. नवी पूर्ण प्रत नीट तयार होईपर्यंत जुनी पुसायची नसते, म्हणून 300 दोनदा धरा. एकूण 660, वाढीसाठी पाव भाग जोडला की 825. एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये 931 जीबीच दिसते, तरी पुरेल. कॉम्प्रेशनच्या भरवशावर आकडा कमी करू नका. फोटो आणि व्हिडिओ त्याने जवळजवळ आकसत नाहीत.

जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने ठेवाव्या लागतात. संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या कंपन्यांना तर कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमांतल्या 2022च्या दुरुस्तीनंतर भारतातल्या सर्व्हरवर रोज बॅकअप बंधनकारक आहे. तेव्हा वर्षअखेरची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा, तिची जागाही हिशेबात धरा, आणि आठवड्याचे आकडे हातात आल्याशिवाय दुकानात जाऊ नका.