विश्लेषण : वजन उतरले, पण सैल त्वचेचे काय? शस्त्रक्रियेला विम्याचे संरक्षण का मिळत नाही?

वजन घटवणारी ‘मौंजारो’ आणि ‘वेगोवी’ ही इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात दाखल झाली. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ मध्ये संपल्याने स्वस्त पर्यायांची वाटही मोकळी झाली. मात्र वजन झपाट्याने उतरल्यावर पोट, दंड, मांड्यांवर उरणाऱ्या सैल त्वचेचा प्रश्न फारसा चर्चेत नाही.

प्रश्न किती मोठा?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के महिला आणि सुमारे २३ टक्के पुरुषांचे वजन प्रमाणाबाहेर आहे. चाचण्यांमध्ये सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के, तर टिर्झेपटाइडच्या सर्वाधिक मात्रेने ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के वजन घटले. म्हणजे १०० किलोची व्यक्ती दीड वर्षाच्या आत ८० किलोच्या आसपास येऊ शकते. बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतरची घट बहुधा याहूनही अधिक असते.

त्वचा पूर्ववत का होत नाही?

त्वचेला बळकटी देतात कोलॅजन तंतू आणि लवचीकता देतात इलॅस्टिन तंतू. वर्षानुवर्षे ताणल्या गेलेल्या त्वचेत या तंतूंची वीण बिघडते. आतली चरबी गेली तरी त्वचा आक्रसत नाही. वय, अनुवंशिकता, उन्हाचा मारा, धूम्रपान आणि लठ्ठपणाचा कालावधी यांवर तिचे प्रमाण ठरते. वजन सावकाश उतरवल्यास त्वचेला थोडा अवधी मिळतो, पण ५० किलो घटल्यावर त्वचा सैल पडणे बहुतांश वेळा अटळ असते. त्यात त्या व्यक्तीची चूक नसते.

हा केवळ दिसण्याचा प्रश्न आहे का?

नाही. त्वचेच्या घड्यांत घाम साचतो, घर्षण होते आणि बुरशीचा संसर्ग पुन:पुन्हा उद्भवतो. दमट हवेत, विशेषत: मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात, हा त्रास वाढतो. पोटावरून लोंबणाऱ्या त्वचेमुळे चालणे, व्यायाम, स्वच्छता राखणे कठीण होते. एवढ्या कष्टाने वजन उतरवूनही आरशात ‘जुनेच शरीर’ दिसल्याने अनेक जण खचतात.

उपाय कोणते?

क्रीम आणि तेलाने लोंबणारी त्वचा जात नाही. वजने उचलण्याचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिने यांमुळे स्नायू टिकतात, भरतात आणि सौम्य सैलपणा थोडा झाकला जातो. रेडिओफ्रिक्वेन्सीसारख्या उपचारांचा लाभही सौम्य सैलपणापुरताच. अतिरिक्त त्वचा काढण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे शस्त्रक्रिया. त्यासाठी वजन साधारण सहा महिने स्थिर असावे, धूम्रपान बंद असावे. पोटावर एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत कायमचा व्रण राहतो. जखमेत पाणी साचणे, संसर्ग, रक्ताची गुठळी हे धोकेही असतात. त्यामुळे निर्णय पात्र प्लास्टिक सर्जनच्या सल्ल्यानेच घ्यावा.

विमा कुठे अडतो?

विमा नियामक ‘आयआरडीएआय’ने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील अपवर्जनांची, म्हणजे संरक्षणाबाहेरील बाबींची, भाषा प्रमाणित केली. त्यानुसार बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असल्यास, अथवा ३५ किंवा त्याहून अधिक असून गंभीर सहव्याधी असल्यास, डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेली लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया ग्राह्य धरता येते. प्लास्टिक सर्जरी मात्र वगळलेली आहे. अपघात, भाजणे, कर्करोगानंतरची पुनर्रचना किंवा आरोग्याला असलेला थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठीचे उपचार, एवढेच त्याला अपवाद. वारंवार होणारा बुरशीसंसर्ग ‘तातडीचा धोका’ ठरवणे अवघड. त्यामुळे वजन उतरवणे हा उपचार ठरतो आणि त्यातूनच उद्भवलेली त्वचा काढणे ही हौस!

रुग्णांनी काय करावे?

संसर्गाच्या प्रत्येक उपचाराची नोंद, छायाचित्रे आणि त्वचारोगतज्ज्ञाचा अभिप्राय जपून ठेवावा. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून वैद्यकीय गरजेचे प्रमाणपत्र घेऊन शस्त्रक्रियेपूर्वीच विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. दावा नाकारल्यास आधी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे आणि नंतर विमा लोकपालाकडे जाता येते. दाद मिळेलच असे नाही, पण नोंदींशिवाय ती मागताही येत नाही. मुख्य म्हणजे, वजन घटवण्याचे उपचार सुरू करतानाच सैल त्वचेची शक्यता आणि तिचा खर्च डॉक्टरांना विचारून घ्यावा.