पावतीचा फॉन्ट बंडलात नको

गेल्या आठवड्यात एका पतसंस्थेच्या वेब अ‍ॅपचं बंडल उघडून बसलो होतो. पिग्मी एजंट दारोदार फिरून रोजची रक्कम गोळा करतात आणि तिथल्या तिथे मराठी पीडीएफ पावती देतात, त्यासाठी आमच्याच टीमनं लिहिलेलं अ‍ॅप. तक्रार एकच होती. बाजारपेठेत अ‍ॅप चालतं, वाडीवर गेलं की पांढरी स्क्रीन.

फाइल खाली सरकवत गेलो, तर एका जागी कोड थांबला आणि अक्षरांचा लांबच लांब पट्टा सुरू झाला. सुरुवातीची अक्षरं ए, ए, ई, ए, ए, ए. टीटीएफ फॉन्टचे पहिले चार बाइट ०, १, ०, ० असतात, त्यामुळे बेस६४मध्ये तो असाच सुरू होतो. पीडीएफच्या १४ प्रमाणित फॉन्टांत देवनागरी नाही. मराठी पावती हवी तर फॉन्ट सोबत द्यावाच लागतो. पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीला तो बेस६४ मजकूर म्हणून हवा होता, म्हणून मी तो जावास्क्रिप्टच्या फाइलीत ठेवून इम्पोर्ट केला होता. साधा आणि ठळक, दोन्ही. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्ट मुळातच जड. आमचे प्रत्येकी ३०० केबीचे होते. बेस६४मध्ये ३ बाइटांची ४ अक्षरं होतात, म्हणजे ६०० केबीचे झाले ८००.

जीझिप आहे ना, असं यावर हमखास ऐकायला मिळतं. जेपीईजीसारख्या आधीच दाबलेल्या फाइलींपुरतं ते बरंचसं खरं आहे, वाढलेला आकार जवळपास भरून निघतो. टीटीएफचं तसं नाही. त्यात बाइटांचे तेच ते नमुने पुन्हा पुन्हा येतात आणि जीझिप त्यांवरच जगतं. बेस६४ बाइट तीन-तीनच्या गटांत कापतं, त्यामुळे एकच नमुना कुठे पडला त्यानुसार तीन वेगवेगळ्या रूपांत दिसतो आणि जीझिपला बऱ्याचदा ओळखूच येत नाही. शिवाय फोनवर उतरल्यावर तो मजकूर पूर्ण उलगडतो, आणि पहिलं बटण दिसण्याआधी इंजिनला तो वाचावाच लागतो.

तरी माझा मुख्य आक्षेप कॅशेबद्दल आहे. बंडलच्या नावात मजकुरावरून काढलेला हॅश असतो. एका लेबलचं शुद्धलेखन सुधारलं तरी नाव बदलतं आणि सगळं बंडल पुन्हा उतरतं. आम्ही दर आठवड्याला नवी आवृत्ती देत होतो. फॉन्ट वर्षभरात एका बाइटनंही बदलला नव्हता, आणि एजंट दर आठवड्याला स्वतःच्या डेटा पॅकमधून तो पुन्हा उतरवत होते. हे मला फार लागलं.

फाइली कोडमध्येच कोंबायची सवय एके काळी शहाणपणाची होती. त्यासाठी वापरायच्या डेटा यूआरएलचं आरएफसी १९९८चं. एचटीटीपी १.१च्या दिवसांत ब्राउझर एका सर्व्हरकडे साधारण ६ जोडण्याच उघडायचे, त्यामुळे बारीकसारीक आयकॉन कोडमध्ये घातले की वेळ वाचायचा. २०१५ साली एचटीटीपी/२ आलं आणि एकाच जोडणीवरून अनेक फाइली एकदम येऊ लागल्या. आज व्हीट ४ केबीपर्यंतची फाइल आपोआप आत घेतं, वेबपॅकच्या असेट प्रकारात ही मर्यादा ८ केबी आहे. या मर्यादा मला रास्त वाटतात. पण आमचा फॉन्ट आधीच मजकूर बनून आला होता, त्यामुळे बंडलरच्या लेखी तो फाइल नव्हताच. त्यानं अडवलं नाही.

वेबअसेम्ब्लीची फाइल अशी कोडमध्ये घातली, तर तोटा आणखी मोठा. ती वेगळी फाइल असेल तर ब्राउझर ती उतरता उतरताच कंपाइल करतो. बेस६४ केलं की ही सोय गेली.

पेनड्राइव्हवरून नेऊन सर्व्हरशिवाय उघडायचं एकच एचटीएमएल पान असेल, तर मात्र सगळं आतच घाला. तिथे ब्राउझर शेजारची फाइल फेच करू देत नाही.

आम्ही फॉन्ट वेगळा काढला, नावात त्याचा स्वतःचा हॅश घातला आणि कॅशेची मुदत एक वर्ष ठेवली. सकाळी शाखेत लॉगिन झालं की सर्व्हिस वर्कर तो एकदाच उतरवून ठेवतो, कारण वाडीवर रेंज नसतानाही पावती निघालीच पाहिजे. बेस६४ आता फोनमध्येच होतं, तेही पावतीचं बटण दाबल्यावर. ठळक फॉन्ट फक्त माथ्यावरच्या संस्थेच्या नावाला लागत होता. तो काढून टाकला.