डिशचं तोंड कुणीकडे?

पावसाळा लागला की कोकणात आणि घाटमाथ्यावर घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं. 'नो सिग्नल आलंय, मिस्त्रीला सांगा.' मिस्त्री 'उद्या येतो' म्हणतो आणि चौथ्या दिवशी उगवतो. वर चढतो, दहा मिनिटांत खाली उतरतो, व्हिजिटचे पैसे घेतो. काय बिघडलं होतं म्हणून विचारलं, तर 'वहिनी, ते टेक्निकल असतं' हे उत्तर ठरलेलं!

मैत्रिणींनो, ते एवढं काही टेक्निकल नसतं. कुकरची शिट्टी होईना तर आपण कंपनीला फोन करतो का? आधी रिंग बघतो, मग शिट्टीत भात अडकलाय का ते बघतो. डिशचंही तसंच आहे. पण छपरावरची वस्तू म्हणजे पुरुषांचं खातं, असं आपणच ठरवून टाकलंय.

आणि हा काही फक्त मालिका बुडण्याचा प्रश्न नाही. 2020 साली शाळा बंद असताना पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली. ज्या वाडीत मोबाइलला रेंज नाही, तिथे छपरावरची डिश हीच शाळा होती. अशा घरात चार दिवस टीव्ही बंद म्हणजे चार दिवसांचे धडे गेले.

फ्री डिशचं प्रक्षेपण ज्या जीसॅट-15 उपग्रहावरून येतं, तो विषुववृत्ताच्या वर सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर, 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. आपण त्याच्या पश्चिमेला, म्हणून आपल्या डिशचं तोंड आग्नेयेला. कंपनी दुसरी असेल तर उपग्रह वेगळा, मग दिशाही थोडीफार बदलते. एवढ्या लांबून येणारा सिग्नल मुळातच क्षीण. त्यात या लहरी अशा, की जोराच्या पावसाचे थेंब त्यांना वाटेतच गिळतात. म्हणून मुसळधार सर आली की चित्र जातं आणि सर ओसरली की आपोआप परत येतं. तेवढा वेळ चहा टाका, पण कुणालाही डिश हलवायला वर पाठवू नका. हात लांब करून अंगठा धरला तर तो आकाशाचा जेवढा तुकडा झाकतो, साधारण तेवढी जरी डिश सरकली तरी सिग्नल हातचा जातो. पावसात भिजत डिश फिरवणारे भावोजी निम्म्या तक्रारींचं मूळ असतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाऊस थांबूनही चित्र येत नसेल, तर रिमोट हातात घ्या. सेट टॉप बॉक्सच्या मेनूमध्ये सिग्नलचं पान असतं. तिथे दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. महत्त्वाची क्वालिटी. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी शून्य असेल तर डिश सरकली असावी किंवा वाटेत काही आड आलं असावं. दोन्ही शून्य असतील तर वायरकडे संशय घ्या. बॉक्स बंद करून मागची पिन काढून बघा. आतली तांब्याची तार हिरवी-काळी पडली असेल तर पाणी शिरलंय. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेनं हे फार लवकर होतं. वरच्या टोकाला, एलएनबीपाशी, वायरीला खालच्या बाजूने एक झोळ द्यायला सांगा, म्हणजे पाणी पिनेत न शिरता तिथूनच ठिबकून जातं.

झाडांचंही बघा. आपली ही छोटी डिश दिसते त्यापेक्षा बरीच वर बघत असते. रत्नागिरीकडून तिची नजर क्षितिजापासून जवळजवळ साठ अंश वर जाते. त्यामुळे समोरचं ठेंगणं झाड निरुपद्रवी, पण अगदी जवळचा उंच माड त्रास देतो. वारा आला की चित्र अडकतं आणि वारा पडला की नीट होतं, असं असेल तर झावळीच समजा.

सगळं ठीक असूनही दर पावसाळ्यात तोच रडगाणं असेल, तर साठ सेंटीमीटरच्या जागी नव्वदची डिश मागा. तिचं क्षेत्रफळ सव्वादोनपट, म्हणजे तेवढा जास्त सिग्नल गोळा होतो आणि मध्यम पावसात टीव्ही चालू राहतो. ढगफुटीपुढे मात्र तीही हात टेकते. शिवाय तिला वारा जास्त लागतो, तेव्हा पाइप भिंतीत पक्का बसवून घ्या.

ओल्या पत्र्यावर तुम्ही चढू नका, मिस्त्रीलाही चढू देऊ नका. कोरड्या दिवशी बोलवा आणि तो वर असताना तुम्ही टीव्हीसमोर बसून क्वालिटीचा आकडा त्याला ओरडून सांगा. सगळ्यात जास्त आकडा लागला की मगच नट आवळायचे. पाइपावर आणि क्लॅम्पवर मिळून एक उभी रेघ नेलपॉलिशने मारायला लावा, पुढे डिश फिरली तर लगेच कळेल. आणि तो आकडा तारखेसकट कालनिर्णयवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी, लिहून ठेवा.