रडू आवरण्याचा अभिनय

‘ॲडोलेसन्स’ ही ब्रिटिश मालिका मार्च २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. सगळ्यात जास्त बोललं गेलं ते तिच्या तिसऱ्या भागाबद्दल. शाळेतल्या मुलीच्या खुनाचा आरोप असलेला तेरा वर्षांचा जेमी आणि त्याच्यासमोर बसलेली मानसशास्त्रज्ञ. ते कौतुक रास्तच आहे. पण मला सतत आठवतो तो चौथा, शेवटचा भाग. त्यात जेमी दिसतच नाही, नुसता त्याचा आवाज येतो. (पुढे कथेचा शेवटही आला आहे, मालिका बघायची असेल तर आधी बघा.)

अटकेला तेरा महिने झालेत. वडिलांचा, एडीचा, पन्नासावा वाढदिवस आहे आणि सकाळीच त्याच्या व्हॅनवर कुणीतरी रंगानं शिवी लिहून गेलंय. तरी आजचा दिवस साजरा करायचाच, असं आईनं, मँडानं, ठरवलंय. एडी, मँडा आणि मुलगी लीसा व्हॅनमधून रंग आणायला निघतात. वाटेत नवराबायको आपल्या शाळेतल्या नाचाच्या आठवणी काढून हसतात. हे हसू खोटं नाही, आणि म्हणूनच ते बघवत नाही.

परतताना जेमीचा फोन येतो. फक्त बाबाच ऐकतोय असं त्याला वाटतं, म्हणून तो शुभेच्छा देऊन सांगून टाकतो, मी गुन्हा कबूल करणार आहे. या क्षणी एडी झालेले स्टीफन ग्रॅहम रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहतात. आई झालेल्या क्रिस्टिन ट्रेमार्को यांना तर बोलायलाही वाव नाही. त्या नुसत्या ऐकतात, आणि त्या ऐकण्यातच आईचं काय झालं ते आपल्याला कळतं.

दिग्दर्शक फिलिप बॅरंटिनी यांनी प्रत्येक भाग एकाच अखंड शॉटमध्ये घेतला आहे. कुठे कट नाही. म्हणजे नटाला मध्ये श्वास घ्यायला, डोळे पुसायला जागा नाही. आपण पडद्यावर बघतो तो चौथ्या भागाचा सोळावा टेक आहे. आपल्या मालिकांत धक्का बसला की तोच चेहरा तीन बाजूंनी दाखवतात आणि वर संगीत वाजवतात. नटावरचा तो अविश्वास मला फार खुपतो.

मग घरी, पलंगावर, ते दोघं. लहानपणी बापाचा मार खाल्लेला एडी सांगतो, मी पोरावर कधी हात उगारायचा नाही असं ठरवलं होतं. तरी हे कसं झालं? आपण कमी पडलो असं आपल्याला वाटलं तर ते बरंच, असं मँडा शांतपणे सुचवते. ट्रेमार्को हे वाक्य ना दोष देत म्हणतात, ना समजूत घालत. शेवटी एडी मुलाच्या खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून रडतो तेव्हा ग्रॅहम यांचं रडणं इतकं खरं वाटतं, त्याचं कारण तासभर त्यांनी ते अडवून धरलेलं असतं.

एमी पुरस्कार ग्रॅहम यांना मिळाला, जेमी झालेल्या ओवेन कूपरला मिळाला, मानसशास्त्रज्ञ झालेल्या एरिन डोहर्टी यांनाही मिळाला. ट्रेमार्को यांना नामांकनावरच थांबावं लागलं. माझ्या लेखी चौथा भाग ग्रॅहम यांच्याइतकाच त्यांचा आहे.