मृगाआधी रोपांची यादी तपासा!

मंडळी, मृग तोंडावर आला आहे. येत्या पंधरवड्यात गावोगावी वृक्षारोपणाचे खड्डे भरतील, सोसायट्यांच्या दारात रोपांचे टेम्पो उतरतील. त्या टेम्पोत कोणती झाडं असावीत हे ठरवायला आता थोडेच दिवस उरलेत, म्हणून ही कळकळीची विनंती.

झटपट वाढणारी आणि सहज मिळणारी रोपं घेण्याकडेच आपला कल असतो. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, रेन ट्री दक्षिण अमेरिकेचा, गिरिपुष्प मध्य अमेरिकेचं. सावली तीही देतात. पण इथल्या मधमाश्या, भुंगे, फुलपाखरं ज्या झाडांवर जगतात, ती या यादीत क्वचितच असतात. फुलपाखराला मध अनेक फुलांतला चालतो, त्याच्या सुरवंटाला मात्र ठरावीक पानच लागतं. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान दिला. त्याची मादी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालते आणि आपण पानावर सुरवंट दिसला की फवारा उचलतो!

हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही. वांग्याचं फूल जवळून पाहा. त्यातल्या पिवळ्या परागकोशांना टोकाशी बारीक भोकं असतात. भुंगा फुलाला घट्ट धरून अंग थरथरवतो, तेव्हा मिरपुडीच्या डबीतून पूड पडावी तसे पराग झडतात. काकडी-भोपळ्याची नर आणि मादी फुलं वेगवेगळी. त्यांच्यात ये-जा करणारं कोणी नसेल, तर वेल फुलांनी भरतो आणि कोवळी फळं पिवळी पडून गळतात.

शेतकरी बंधू-भगिनींनो, बांधावर करंज, पळस, पांगारा, सावर लावा. पांगारा आणि सावर फांदीवरूनही जगतात. बांध सरसकट जाळू नका, तणनाशकाने उजाड करू नका. टाकळा, रुई ही सुरवंटांची चारापानं आहेत आणि एकेकट्या राहणाऱ्या कित्येक माश्यांची बिळं बांधाच्या मातीतच असतात. पीक फुलोऱ्यात असताना फवारणी टाळा. अगदीच नाइलाज असेल, तर माश्या परतल्यावर, सूर्यास्तानंतर करा.

सोसायटीच्या सभासदांनो, मोठी जागा असेल तर बहावा, करंज, बेल लावा. थोडी असेल तर अडुळसा, निर्गुडी. आणि बाल्कनीच असेल तर कुंडीत लिंबू, कढीपत्ता. सुरवंटांनी चार पानं खाल्ली तर खाऊ द्या. वाळलेली फांदी कोणाच्या डोक्यावर पडणारी नसेल तर तोडू नका, भुंगे त्यातच घर कोरतात. उंचावरच्या आग्या मोहोळाला धूर किंवा औषध देऊ नका. त्या माश्या ऋतुमानाप्रमाणे स्वतःहून उठून जातात. मोहोळ जाण्या-येण्याच्या वाटेवर असेल, तर जाणकाराला बोलवा.

शिक्षक-पालकांनो, मुलांना बिया गोळा करायला लावा. जांभळाची बी वाळू देऊ नका, फळ खाऊन झालं की ताजीच पेरा. बहाव्याची बी टणक असते. ती खरखरीत दगडावर थोडी घासून, रात्रभर भिजवून पेरा.

एक इशाराही. सडे (खडकाळ पठारं) आणि गवताळ माळ मोकळे दिसले म्हणून तिथे खड्डे खणू नका. ती ओसाड जमीन नव्हे. पावसाळ्यात तिथे उमलणाऱ्या इवल्या फुलांवर कीटकांची मोठी दुनिया पोसते. कास पठार बघायला गर्दी करायची आणि आपल्याच गावच्या सड्यावर झाडं लावून तो झाकून टाकायचा, हे कसं चालेल? जंगलातली रोपं उपटूनही आणू नका.

महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथला मध भोवतालच्या रानावर उभा आहे. माश्यांची पेटी विकत आणता येते, फुलोरा आणता येत नाही.

तेव्हा आजच ग्रामपंचायतीत किंवा सोसायटीच्या सचिवांकडे रोपांची यादी मागा. निम्मी नावं तरी इथल्या झाडांची असावीत, असा आग्रह धरा. जवळच्या रोपवाटिकेत ती नसतील, तर पुढच्या वर्षासाठी लेखी मागणी नोंदवा, कारण मागणी असेल तरच रोपं तयार होतात. एकदा लावलेलं झाड चुकलं म्हणून पुढच्या वर्षी कोणी उपटत नाही. बदल करायचा तो रोपं उतरण्याआधीच!