मोकळी की रिकामी?

बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत वेताळ टेकडीच्या उतारावरून रस्ता काढायचा की नाही, यावर पुण्यात जेवढी तोंडे तेवढी मते. अंतर जेमतेम दोन किलोमीटरचे, पण वाद वर्षानुवर्षांचा. एप्रिल २०२३ मध्ये तर, रस्ता नको म्हणून पुणेकर रस्त्यावर उतरले! आमच्या सोसायटीच्या सभेतही परवा विषय निघालाच.

रस्ता हवा म्हणणारे काही झाडांचे वैरी नव्हेत. आमच्या इमारतीचे तोंड लॉ कॉलेज रस्त्याकडे. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "अहो सर, तुम्ही सकाळी तासभर टेकडीवर हवा खाता, मी दिवसभर गॅलरीत धूर खाते."

यावर कोणी मोर काढले, कोणी भूजल. एका गृहस्थांनी नकाशाच पसरला. "इथं कुणाचं घर जात नाही. जागा रिकामीच आहे."

आता मराठीचा मास्तर गप्प कसा बसणार? म्हटले, रिकामी नव्हे, मोकळी! घर गेले तर मालक मोबदला तरी मागेल. उतारावर मुरून खाली विहिरींना मिळणारे पावसाचे पाणी कुठल्या खिडकीशी अर्ज करणार?

आजींना हे व्याकरण मुळीच पटले नाही. "मग माझ्या धुराचं काय?"

"बसगाड्या वाढवायला हव्यात."

"तुम्ही जाता बसनं?"

"जातो. रोज अर्धा तास थांब्यावर उभा असतो."

"बघा!" आजी सभेकडे वळून म्हणाल्या.

सभा पुढच्या रविवारवर गेली.